पिंपळे सौदागरची माती मोजणारे डॉ. मॅन

दिघीहून भोसरी, नाशिक फाटा ओलांडून पिंपळे सौदागरला गेलात तर टॉवर आणि कॅफे दिसतात. शंभरेक वर्षांपूर्वी इथे फक्त शेती होती आणि एक इंग्रज रसायनतज्ज्ञ तिचा हिशोब मांडत होते. डॉ. हॅरॉल्ड मॅन.

जन्म १८७२ चा, यॉर्कचा. आधी चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केलं, मग १९०७ मध्ये पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. केबिनमध्ये रमणारे प्राचार्य ते नव्हतेच. नीरा खोऱ्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि मागोमाग जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी तिथल्या खारावलेल्या जमिनींवर १९१० मध्ये पुस्तिका काढली. दुखणं असं, की पाणी भरमसाट आणि निचरा नाही. जमिनीखालचं पाणी वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं.

आता थोडी केमिस्ट्री, झेपेल एवढीच. आपल्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर असते. मग तिच्यातलं कॅल्शियम सोडियमला हाकलून जमीन का सुधारत नाही? कारण ती साध्या पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मुळांनी सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे थोडी विरघळते, पण सोडियम कार्बोनेट साचलं की पुन्हा घट्ट बसते. चिकणमातीतली खनिजं सोडियम धरून ठेवतात, माती फुगते, पाणी मुरत नाही. हीच चोपण जमीन. जिप्सम चुनखडीच्या शंभरपटीहून जास्त विरघळतं, म्हणून ते टाकतात. गंमत म्हणजे जिप्सममुळे पाण्यात कॅल्शियम वाढलं की चुनखडी आणखीच कमी विरघळते! बेसॉल्टमधली झिओलाइट खनिजं मात्र हळूहळू कॅल्शियम पुरवत राहतात, त्यामुळे काही काळ्या जमिनी तग धरतात.

मातीनंतर मॅन माणसांकडे वळले, आणि मला ते इथेच जास्त मोठे वाटतात. ताम्हणे, सहस्रबुद्धे, कानिटकर असे सहकारी घेऊन त्यांनी पिंपळे सौदागर पिंजून काढलं. जमीन किती, कर्ज किती, खायला किती, सगळं विचारलं. १९१७ च्या त्यांच्या पुस्तकात दिसतं, की १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेली जमीन १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती.

पुढे ते मुंबई इलाख्याचे शेती संचालक झाले. १९२७ मध्ये निवृत्त होऊन इंग्लंडला परतले, तरी वोबर्नच्या प्रयोगशेतावर कितीतरी वर्षं माती तपासतच राहिले. १९६१ मध्ये ते गेले. नीरा-बारामती पट्ट्यात क्षारपड जमिनी आजही आहेत.