‘इंदूर पद्धती’चे सर अल्बर्ट हॉवर्ड : माव्याचं कारण त्यांनी मुळाशी शोधलं

कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धत’ बऱ्याच शेतकऱ्यांनी ऐकलेली असते. ती बसवणारे सर अल्बर्ट हॉवर्ड मात्र मूळचे इंग्लंडचे. १८७३ साली श्रॉपशायर भागात एका शेतकरी घरात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडीजमध्ये पिकांच्या रोगांवर काम करायला गेले. तिथं सल्ला द्यायचा, पण तो आधी करून बघायला स्वतःचं वावर नाही, हे त्यांना फार खटकायचं.

१९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली. त्याच वर्षी मुंबईत गॅब्रिएल यांच्याशी लग्न झालं. त्याही पक्क्या शास्त्रज्ञ. पुढची पंचवीस वर्षं दोघांनी जोडीनं काम केलं, नाव मात्र बहुतेक वेळा एकट्या हॉवर्डांचंच घेतलं जातं.

पुशाला त्यांना ७५ एकर जमीन मिळाली. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडं ना पंप होता, ना औषध. तरी त्यांची पिकं बरीच निरोगी. मग हॉवर्डांनी ठरवलं, शिकायचं ते या शेतकऱ्यांकडून आणि किडीकडून. कीड कुठं पडते ते बघायचं, म्हणजे जमिनीत काय बिघडलंय ते कळेल.

याचा खरा दाखला मिळाला क्वेट्ट्याला, आज पाकिस्तानात आहे तिथं. १९१० नंतर काही वर्षं ते उन्हाळ्यात तिथल्या फळबागांवर काम करत. हिवाळ्यात बागेला भरमसाट पाणी दिलं की जमीन आवळायची, वाफसा यायचाच नाही, मुळं हवेवाचून गुदमरायची. वसंतात फुटलेले कोवळे शेंडे माव्यानं भरून जायचे. हॉवर्डांनी औषध मारलं नाही. जमीन खोल मोकळी केली. त्यानंतर जी नवी पालवी आली ती स्वच्छ! एकाच फांदीवर खालची पानं माव्यानं लडबडलेली आणि वरची कोरी. खालचा मावा वर चढला नाही.

१९२४ मध्ये ते इंदूरला गेले. होळकर संस्थानानं दिलेल्या ३०० एकरांवर काम मुख्यतः कपाशीचं होतं, पण नाव झालं खतानं. कपाशीच्या पराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकाखाली चिरडायच्या, काडीकचरा बैलांखाली अंथरायचा, त्यात शेण, गोठ्यातली मुतारलेली माती आणि राख मिसळून उथळ खड्ड्यात भरायचं. पाणी बेताचं, हवा खेळती. तीन वेळा पालटलं की साधारण तीन महिन्यांत खत तयार. उकिरड्यावर वर्षभर कुजत पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांच्या नावानं १९३१ मध्ये पुस्तक निघालं. त्याच्या आदल्याच वर्षी गॅब्रिएल वारल्या होत्या.

हॉवर्ड पुढं फार ताणायचे, हेही खरं. रासायनिक खत सरसकट वाईट, असं ते म्हणू लागले आणि अनेक शास्त्रज्ञांशी त्यांचं बिनसलं. शेतात सगळंच काही जमिनीवर सुटत नाही. आंब्यावरची फळमाशी मुळांची चौकशी करून येत नाही, तिथं सापळे लावावे लागतात, गळकी फळं वेचून पुरावी लागतात. पण युरियानं लुसलुशीत केलेल्या भाजीवर मावा तुटून पडतो, हे आता तज्ज्ञही सांगतात. त्या बाबतीत हॉवर्ड पुष्कळ पुढं होते.

१९३४ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. त्याच वर्षी लंडनजवळ ब्लॅकहीथला त्यांनी एक परसबाग हाती घेतली. माती पार मेलेली, सफरचंदाची झाडं मावा आणि अळ्यांनी भरलेली, भाजीपाला खुरटा. फवारणी एकही केली नाही, नुसतं कंपोस्ट घालत राहिले. तीन वर्षांत झाडं स्वच्छ झाली. १९४० मध्ये त्यांचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक आलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये, भारत स्वतंत्र झाल्यावर दोन महिन्यांनी, ब्लॅकहीथलाच ते वारले.