विश्लेषण : आजचा लाभ की उद्याचा? मेंदूची ओढ आणि महर्षी कर्वे

आज शंभर रुपये की महिन्याने सव्वाशे? अनेकजण आजचेच घेतात. उशिरा मिळणाऱ्या लाभाची किंमत मेंदू आपोआप कमी धरतो. मेंदूच्या खोल भागातले 'स्ट्रायटम' हाताशी असलेल्या लाभाकडे खेचते. कपाळामागचा भाग आवर घालतो. भविष्याचे चित्र जितके स्पष्ट, तितके थांबणे सोपे, असे प्रयोगांत दिसले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी घाट ओलांडून साताऱ्याला चालत गेले. वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना बसूच दिले नाही! मॅट्रिक झाले ते १८८१ मध्ये, तेविसाव्या वर्षी. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि मग पायी हिंगण्याचा आश्रम गाठायचा, असा क्रम होता. ज्यांच्या उद्यासाठी हे चालले होते, त्या मुली तिथे रोज डोळ्यांसमोर असत.

विमा म्हणजे कुटुंबाच्या उद्याची तजवीज. कर्व्यांनी पाच हजारांची पॉलिसीही आश्रमाला देऊन टाकली. पत्नी आनंदीबाई यामुळे दुखावल्या, आणि त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. महिला विद्यापीठ उभे राहिले १९१६ मध्ये. भारतरत्न मिळाले १९५८ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर.