क्रिस्टी मॅथ्यूसन

क्रिस्टोफर मॅथ्यूसन (१२ ऑगस्ट १८८० – ७ ऑक्टोबर १९२५) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. अचूक चेंडूफेक आणि सचोटी यांसाठी ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन
त्यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील फॅक्टरीव्हिल येथे झाला. बकनेल विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. व्यावसायिक बेसबॉलपटू अशिक्षित व दांडगट समजले जात, त्या काळात त्यांच्यामुळे या खेळाची प्रतिष्ठा वाढली. ते रविवारी सामना खेळत नसत.

कारकीर्द
१९०० मध्ये ते न्यू यॉर्क जायंट्स संघात पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून दाखल झाले. 'फेडअवे' हा त्यांचा खास चेंडू नेहमीच्या वक्र चेंडूच्या उलट दिशेने वळून उजव्या फलंदाजाच्या अंगाकडे येत असे. १९०५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांनी सहा दिवसांत तीन सामने पूर्ण टाकले आणि प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सला त्यांत एकही धाव करू दिली नाही. १९०८ मध्ये त्यांनी ३७ विजय मिळवले. १९१३ च्या हंगामात ३०६ डावांत त्यांनी फक्त २१ वेळा फलंदाजांना चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस बहाल केला. त्यांच्या नावावर एकूण ३७३ विजय आहेत.

सामनानिश्चितीला विरोध
१९१६ मध्ये ते सिनसिनाटी रेड्सचे व्यवस्थापक झाले. आपल्याच संघातील हॅल चेस हा खेळाडू मुद्दाम सामने हरवत असल्याच्या संशयावरून त्यांनी १९१८ मध्ये त्याला निलंबित केले. मात्र चौकशीच्या वेळी मॅथ्यूसन सैन्यासोबत फ्रान्समध्ये असल्याने त्यांची साक्ष होऊ शकली नाही आणि चेस निर्दोष ठरला. पुढे १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील लाचखोरी उघड झाली, तेव्हा सामनानिश्चितीचा धोका सर्वांना पटला. त्या मालिकेचे वार्तांकन करताना मॅथ्यूसन यांनीही संशयास्पद खेळाकडे बारकाईने लक्ष ठेवले होते.

मृत्यू आणि सन्मान
सैन्यात असताना त्यांना विषारी वायूची बाधा झाली होती. पुढे त्यांना क्षयरोग झाला. उपचारानंतर १९२३ मध्ये ते बॉस्टन ब्रेव्हजचे अध्यक्ष झाले. परंतु आजार बळावून वयाच्या ४५ व्या वर्षी सॅरानॅक लेक येथे त्यांचे निधन झाले. त्याच दिवशी त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज सुरू झाली होती. १९३६ मध्ये बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी प्रथम निवडलेल्या पाच खेळाडूंपैकी हा सन्मान मरणोत्तर मिळालेले ते एकमेव होते.