आपल्याच मुलखात फील्डवर्क

फील्डवर्क म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? सर्व्हेचे फॉर्म, गावातला चहा आणि शेवटच्या दिवशी घाईघाईत भरलेली उत्तरं. खरं ना? मग फेई शियाओतोंगची गोष्ट वाचाच.

डिसेंबर १९३५. चीनच्या ग्वांगशी प्रांतातले दायाओशानचे डोंगर. पंचविशीतला फेई आणि त्याची बायको वांग तोंगहुई याओ लोकांच्या वस्त्यांमधून हिंडत होते. लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. तो लोकांच्या शरीराची मापं घ्यायचा, ती कुटुंबं, नाती, चालीरीती टिपायची. एके दिवशी वाट चुकली आणि फेई वाघासाठी लावलेल्या सापळ्यात सापडला. जबर जखमी झाला. तोंगहुई एकटीच मदत आणायला निघाली, ती परतलीच नाही. काही दिवसांनी डोंगरातल्या पाण्यात तिचा मृतदेह मिळाला.

तुम्ही काय केलं असतं? फेईने आधी तिच्या टिपणांचं पुस्तक केलं.

खरं तर हा मुलगा मेडिकलच्या वाटेवरचा. एकेका माणसाच्या दुखण्यापेक्षा समाजाचं दुखणं समजून घ्यावं असं वाटलं, म्हणून १९३० मध्ये तो पेकिंगच्या येन्चिंग विद्यापीठात समाजशास्त्राला आला. तिथले प्राध्यापक वू वेनझाओ यांचा आग्रह एकच: परदेशी पुस्तकं घोकू नका, चिनी माणसं प्रत्यक्ष जाऊन बघा. मानववंशशास्त्र म्हणजे गोऱ्या अभ्यासकाने दूरच्या बेटावरच्या आदिवासींकडे जाणं, अशी तेव्हाची रीत होती. त्या काळात हा आग्रह केवढा वेगळा, बघा.

१९३६ च्या उन्हाळ्यात, जखमांतून सावरताना, फेई ताई सरोवराजवळच्या काइशियानगोंग गावात गेला. त्याच्याच तालुक्यातलं गाव. त्याची बहीण तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी रेशीम कारखान्यासाठी राबत होती. फेईला दिसलं ते असं: जमीन कमी, खाणारी तोंडं जास्त. घर चालायचं ते रेशमावर. जगाच्या बाजारात रेशमाचा भाव पडला, की शेतकरी सावकाराच्या दारात. म्हणजे नुसती शेती सुधारून भागणार नव्हतं, गावातच उद्योग हवा होता. या टिपणांवर त्याने लंडनमध्ये मालिनोव्स्की यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. १९३९ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक आलं, प्रस्तावना खुद्द मालिनोव्स्कींची. आपल्याच माणसांचा अभ्यास आपल्यातल्याच माणसाने केला, याचं त्यांना विशेष अप्रूप होतं.

पुढे जपानशी युद्ध. युन्नानमध्ये बॉम्बहल्ल्यांपासून लांब, एका जुन्या देवळात फेईंनी संशोधन केंद्र चालवलं. (आता अहो-जाहो करायला हवं, प्राध्यापक झाले होते.)

कम्युनिस्ट राजवट आली आणि १९५२ मध्ये विद्यापीठांतून समाजशास्त्र बंदच झालं. मानववंशशास्त्राचीही तीच गत. उरला तो अल्पसंख्य जमातींचा अभ्यास, कारण सरकारला त्याची गरज होती. शिरगणतीत लोकांनी चारशेहून जास्त जमातींची नावं सांगितली होती. त्यातून अखेर ५५ अल्पसंख्य जमाती ठरल्या. फेई त्या कामात होते. माणसांना अशी खात्यांमध्ये बसवणं अभ्यास की कारकुनी, हा प्रश्न मला तरी पडतो.

१९५७ मध्ये ते काइशियानगोंगला परत गेले. धान्य वाढलं होतं, पण जोडधंदे बंद पडल्यामुळे लोकांच्या हातात पैसा नव्हता. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी त्यांच्यावर ‘उजवा’ असा शिक्का बसला. सांस्कृतिक क्रांतीत तर या प्राध्यापकांना संडास साफ करायला लावलं. वीसेक वर्षं अशी गेली. कोणत्याही संशोधकाची हीच तर उमेदीची वर्षं.

१९७९ मध्ये समाजशास्त्र पुन्हा उभं करायची वेळ आली, तेव्हा बोलावणं आलं ते फेईंनाच. वय ६८. शिक्षक नाहीत, पुस्तकं नाहीत, मधली अख्खी पिढी गायब. ते कामाला लागले. पुढे गावागावांत कारखाने निघाले, तेव्हा १९३६ मधलं त्यांचं म्हणणं लोकांना आठवलं. १९९४ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आपल्या किरण बेदींना मिळाला त्याच वर्षी.

२००५ मध्ये, ९४ व्या वर्षी ते गेले. तोवर काइशियानगोंगला त्यांच्या वीसहून जास्त फेऱ्या झाल्या होत्या. दायाओशानलाही ते पुन्हा गेले, १९७८ मध्ये. तब्बल ४३ वर्षांनी.