परत आलेला अर्ज

दहावी-बारावीचे, कॉलेजचे निकाल लागले की आपल्याकडे घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. शिक बाई, पण... या ‘पण’च्या पुढे काय काय असतं! पण गावातच शिक, पण लग्न ठरेपर्यंतच, पण सातच्या आत घरी. महिला मंडळाच्या कामासाठी मी अनेक घरांत जाते, तिथे हा ‘पण’ भेटतोच. आणि दर वेळी मला डॉ. कमला सोहोनी आठवतात. त्यांनाही असाच अटींचा प्रवेश मिळाला होता. अटी घालणारे होते नोबेल पारितोषिक मिळवलेले थोर शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन!

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. मग लेकीलाही तिथेच जाऊन संशोधन करावंसं वाटलं तर नवल काय? १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरला अर्ज केला.

अर्ज नाकारला गेला. गुण कमी होते म्हणून नव्हे, तर अर्ज करणारी मुलगी होती म्हणून.

दुसरी एखादी रडून गप्प बसली असती. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या, रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कारण विचारलं. प्रवेश मिळेपर्यंत इथेच सत्याग्रह करीन, असंही बजावलं. शेवटी रामन यांना नमतं घ्यावं लागलं, पण त्यांनी अटी घातल्या. एक वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद होणार नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये!

या शेवटच्या अटीचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कमलाबाईंनी हा अपमान गिळला आणि काम सुरू केलं. श्रीनिवासय्या हे कडक शिस्तीचे मार्गदर्शक त्यांना लाभले. दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर त्यांनी संशोधन केलं. वर्षभराने रामन यांची खात्री पटली. कमलाबाईंचा प्रवेश नियमित झाला आणि पुढे त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. मात्र तो अपमान कमलाबाई विसरल्या नाहीत. उतारवयातही त्यांनी तो उघडपणे बोलून दाखवला.

१९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा जगप्रसिद्ध. जागेची अडचण होती, तेव्हा डेरिक रिक्टर या शास्त्रज्ञांनी आपलं टेबल दिवसभर त्यांना वापरायला दिलं. एकीकडे अटी घालणारे होते, तर दुसरीकडे स्वतःची जागा देणारे! पुढे रॉबिन हिल यांच्या हाताखाली बटाट्यावर काम करताना त्यांना ‘सायटोक्रोम सी’ हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींत आढळला. पेशीला ऊर्जा मिळते त्या क्रियेत याचा मोठा वाटा असतो. त्यांचा प्रबंध होता अवघ्या चाळीस टंकलिखित पानांचा, आणि तोही तिथे गेल्यापासून चौदा महिन्यांच्या आत पूर्ण झालेला. १९३९ मध्ये त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

परदेशात न रमता त्या त्याच वर्षी भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची आहार संशोधन प्रयोगशाळा, १९४७ मध्ये लग्न आणि त्यानंतर मुंबईची विज्ञान संस्था. गरिबांच्या ताटात येणाऱ्या कडधान्यांवर आणि ताडा-माडाच्या नीरेवर त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन काम केलं. नीरेच्या संशोधनाला राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. पण संस्थेचं संचालकपद मात्र हक्क असूनही चार वर्षं लांबलं. म्हणजे तो ‘पण’ डॉक्टर झाल्यावरही पाठ सोडत नव्हता! निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत अन्नातल्या भेसळीविरुद्ध काम केलं. १९९८ मध्ये दिल्लीला झालेल्या आपल्याच सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.

आज रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली कुणाचीही लेक नेटची परीक्षा देऊन, शिष्यवृत्ती मिळवून पीएच.डी.ला अर्ज करू शकते. अर्जावर मुलगी म्हणून कुणी फुली मारत नाही. पण मैत्रिणींनो, तिच्या अर्जावर पहिली सही आपल्या घराची लागते, आणि ती करताना आपणच अटी घालतो. रात्री प्रयोगशाळेत थांबावं लागेल, परगावी राहावं लागेल, चार-पाच वर्षं लग्न लांबेल, हे सगळं खरं आहे. त्याची काळजी जरूर करू या. सोय बघू, चौकशी करू, सोबत जाऊन येऊ. मात्र काळजीची अट होऊ द्यायची नाही.

आणि अर्ज परत आलाच, तर तिला एवढंच सांगायचं, जा आणि कारण विचार. कमलाबाईंनी तेच केलं होतं.