विश्लेषण : अफूतून मॉर्फिन वेगळे करणारे झेर्ट्युर्नर कोण होते?

अफूने वेदना शमतात हे जुनेच ज्ञान. पण एक अफू जहाल, तर दुसरी मिळमिळीत. त्यामुळे तेवढ्याच मात्रेत एक रुग्ण तळमळत राही, तर दुसरा दगावे. जर्मनीतील पाडरबोर्न येथे औषधांच्या दुकानात काम शिकणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर (जन्म १७८३) यांनी १८०४-०५च्या सुमारास अफूच्या अर्कात अमोनिया घालून तिचा गुणकारी घटक स्फटिकरूपात वेगळा काढला. कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे त्यांनी स्वतः आणि तीन मुलांनी तो घेऊन पाहिला : दर वेळी अर्धा ग्रेन (सुमारे ३० मिलिग्रॅम), पाऊण तासात तीनदा. सगळ्यांना गुंगी चढली. शेवटी व्हिनेगर पिऊन ओकाऱ्या काढाव्या लागल्या. आज कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही. मात्र शुद्ध द्रव्य तोलता येते, म्हणून डोसही ठरवता येतो, हे त्यातून दिसले. हा प्रयोग १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीक स्वप्नदेव मॉर्फिअसवरून त्यांनी दिलेले नावच पुढे मॉर्फिन झाले. १८२७ पासून डार्मस्टाटच्या मर्कने त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. झेर्ट्युर्नर मात्र हामेलन गावी औषधांचे दुकानच चालवत राहिले. तेथेच १८४१ मध्ये त्यांचे निधन झाले.