सासवण्याचा शिल्पकार

महाड तालुक्यातील तुडीलसारख्या खेड्यातून पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या तरुणांची परंपरा जुनी आहे. हाती कला असलेल्यालाही तीच वाट धरावी लागे. गावात राहून गुण वाढतो, पण तो दिसणार कोणाला, हा प्रश्न उरतोच. रायगड जिल्ह्याचेच सुपुत्र, शिल्पकार विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर यांच्या आयुष्याने या प्रश्नाला मार्मिक उत्तर दिले आहे.

अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडत, त्यामुळे माती हाताळण्याचे वळण बालपणीच लागले. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. दौऱ्यावर आलेले तत्कालीन कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस ते पडले आणि त्यांच्याच प्रयत्नाने हा खेड्यातला मुलगा मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. जाणत्याची नजर पडली, हे दैव खरे. पण नजर पडावी असे काही भिंतीवर होते, हे कर्तृत्व त्या मुलाचे.

शिक्षण संपल्यावर खरी कसोटी सुरू झाली. चित्रकाराला कागद आणि रंग पुरतात; शिल्पकाराला जागा, साहित्य, मदतनीस आणि काम देणारा आश्रयदाता, सारेच लागते. रवींद्रनाथांचे पुतणे सुरेंद्रनाथ टागोर यांनी त्यांचे गुण हेरले आणि करमरकर कलकत्त्यास गेले. परप्रांतात त्यांनी स्वतःची कार्यशाळा उभारली, नाव मिळवले आणि पुढे लंडनला जाऊन अधिक शिक्षण घेतले.

मात्र महाराष्ट्राने त्यांना खऱ्या अर्थाने ओळखले ते पुण्यातील शिवस्मारकामुळे. छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने योजलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये बसवली गेली. करमरकरांनी घडवलेला, सुमारे १३ फूट उंचीचा ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १९२८ मध्ये उभा राहिला. एवढा मोठा पुतळा ओतताना धातूचा रस कोठे अडला किंवा साचा फुटला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम आणि मिळवलेला लौकिक दोन्ही मातीमोल होण्याची भीती होती. ओतकाम यशस्वी झाले. मंदिराच्या भिंतीवर ज्या राजाचे चित्र काढले, त्याच राजाच्या पुतळ्याने चित्रकर्त्याला कीर्ती दिली.

कीर्तीबरोबर व्यक्तिपुतळ्यांची कामे आली. त्यांवर चरितार्थ चालला. पण मनाची ओढ वेगळीच होती. कोळीण, हमाल, मुले, घरची जनावरे असे भोवतालचे जीवन त्यांनी शिल्पांत आणले. त्यासाठी महागड्या संगमरवराची वाट न पाहता साध्या सिमेंटलाही आपलेसे केले. कोणाची मागणी नसताना घडवलेली ही शिल्पेच आज रसिकांना अधिक भावतात. पद्मश्री किताबाने त्यांचा गौरव झाला. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले.

नाव मिळवण्यासाठी त्यांनी गाव सोडले, पण शिल्पे मात्र गावात आणून ठेवली. सासवण्याच्या राहत्या घरातच त्यांचे शिल्पालय उभे राहिले. ज्या मुलाला कोणीतरी पाहावे म्हणून गावाबाहेर जावे लागले, त्याचे काम पाहण्यासाठी लोक त्याच गावाची वाट धरू लागले.